दीड हाताची दोरी

लेन्सचं झाकण दातांत धरून बोलायचे, त्यामुळे समोरच्याला निम्मं कळायचंच नाही. कुणाच्या घरी गेले की खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचे. चहा आला की कप आधी खिडकीच्या उजेडाकडे धरून वाफ बघायचे. तोवर चहा गार. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. दुकानात पासपोर्टचा फोटो काढताना प्रत्येकाला एकच वाक्य: "हनुवटी खाली, मान वर." हे दोन्ही एकदम कसं करायचं ते आजवर कुणाला जमलं नाही. दर रविवारी चार वाजता बहिणीकडे जायचे. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी असायची. त्या घरात ती पिशवी अठरा वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

सगळे त्यांना दोरीमामा म्हणत. त्याला कारण होतं.

दुकान पोटापुरतं. खरं काम दुकान बंद असायचं तेव्हा. मामा माणसांच्या कामाच्या खोल्या टिपत. घड्याळजी, पाववाला, लिफ्ट चालवणारी बाई, दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स. त्यासाठी एकच लेन्स वापरत. रुंद, जाडजूड, उजेडाची हावरट. एखाद्या कळकट बल्बवरही तिचं भागायचं. फ्लॅश त्यांनी कधी घेतला नाही. "दुसऱ्याच्या घरात जाऊन वीज कशाला पाडायची?" म्हणायचे.

ही लेन्स लांबून काही कामाची नाही. लांबून माणूस मुंगीएवढा येतो. पार जवळ जावं लागतं, श्वास ऐकू येईल इतकं. मग माणूसही येतो आणि त्याच्या मागची खोलीही. पण तिची एक खोड होती. पूर्ण उघडली की जेमतेम चार बोटांची पट्टी स्पष्ट. डोळा टोकदार, तर कान मऊ. मामांच्या नजरेला अंधारात ती चार बोटं सापडेनात. म्हणून त्यांनी लेन्सचं फोकसचं कडं दीड हातावर आणून चिकटपट्टीने बसवून टाकलं आणि लेन्सला दीड हाताची सुती दोरी बांधली. दोरीच्या टोकाला गाठ. समोरच्याने ती गाठ डोळ्याखालच्या हाडावर धरायची. मामा पुढेमागे सरकत. दोरी ताणली की म्हणत, "सोडा." गाठ सुटायची, माणूसही जरा सुटायचा, आणि तेवढ्यात फोटो.

त्यांच्या दुकानात एक मुलगी नोकरीच्या अर्जाचा फोटो काढायला आली होती. साहित्यातली पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती. भिंतीवर पाववाल्याचा फोटो होता आणि खाली 'श्रमाचे सौंदर्य' असं लिहिलेलं.

"ही ओळ खोटी आहे," ती म्हणाली. मग स्वतःच दचकली.

मामांनी तोंडातलं झाकण काढलं. "का?"

"त्याचे डोळे पिठाने चुरचुरतायत. त्याला कुठलं सौंदर्य?"

"मग खरी लिहा."

तिने लिहिली. नोकरी लागली नाही, पण तेव्हापासून प्रत्येक फोटोखाली तिच्या चार ओळी असत. पाचवी झाली की मामा वाहतूक पोलिसासारखा हात वर करत. गल्लीत तिला नाव पडलं, लिहिणारी.

तीन वर्षांत तिला एक गोष्ट दिसली. मामांच्या प्रत्येक फोटोत माणूस मधोमध. पुस्तकात सांगतात, माणूस जरा एका बाजूला घ्यावा, मग फोटो बोलतो. तिने तसं म्हणून पाहिलं.

"पुस्तकाला बहीण नसते," मामा म्हणाले आणि झाकण दातांत धरलं. म्हणजे बोलणं संपलं.

बाकीची गोष्ट तिला समोरच्या दुकानातल्या घड्याळजींनी सांगितली.

ताई मामांहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती इस्त्रीला होती, तेहतीस वर्षं. अठरा वर्षांपूर्वी मामांच्या हातात ही लेन्स आली. नव्याची नवलाई. पहिला फोटो ताईचाच काढायचा होता. लाँड्रीत गेले. चादरींच्या रांगा, वाफ, एकच पिवळा दिवा. त्यांना ती सगळी रांग हवी होती. म्हणून ताईला अगदी जवळ, पण चौकटीच्या कडेला उभं केलं.

रुंद लेन्समध्ये कडेला जे येतं ते पसरतं. मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वाफेच्या नादात ध्यानात राहिलं नाही.

फोटोचं नाव झालं. गावच्या सभागृहात तो दाराएवढा करून लावला. मामा ताईला न सांगता घेऊन गेले. लाँड्रीतल्या बायकाही हौसेने आल्या. समोर वाफेचा ढग, पांढऱ्या चादरींचा समुद्र आणि डावीकडे ताई. गाल कानापासून ओढून काढलेला. इस्त्री धरलेला हात ओंडक्यासारखा.

मग एकीला राहवलं नाही. "अगं बाई, चादरींबरोबर स्वतःच्या तोंडावरूनही फिरवलीस की काय?"

सगळ्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण हसू एकदा सुटलं की सुटलं. दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत ताईचं नाव चपटी पडलं. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या केकवरसुद्धा कुणीतरी थट्टेने तेच लिहिलं.

ताई भावाशी भांडली नाही. चहा बंद केला नाही, रविवार बंद केला नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या डोळ्यासमोर मी आता उभी राहणार नाही."

अठरा वर्षं मामा इतरांच्या गालांवर गाठ ठेवत राहिले.

लिहिणारी कधीकधी रविवारी त्यांच्याबरोबर जाई. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. खाट, मोरी, खिडकी, दाराआड उभी केलेली इस्त्रीची फळी. ताई अजून सगळ्याला इस्त्री करायची. पुसायच्या फडक्यांनाही. चार वाजता खिडकीतून ऊन यायचं, फळीवरून सरकत खाटेच्या पायापर्यंत जायचं. मामा चहा गार करत ते ऊन बघत. ताई त्यांना बघे.

"काय रे ठोंब्या, भिंतीला भोकं पडतील."

"ऊन बघतोय."

"ऊन बघायला माझ्या घरी येतोस? तुझ्या घरी सूर्य उगवत नाही?"

"असा नाही उगवत."

"उचल ती पिशवी पायातून. अडखळून पडेन, मग काढशील फोटो हाडांचा."

मामा पिशवी उचलून मांडीवर घेत. लहान मूल घ्यावं तशी. जिन्यात एकदा लिहिणारीने विचारलं, "मामा, लांबून काढा ना. समोरच्या गच्चीवरून. त्यांना कळणारही नाही."

मामा पायरीवर थांबले. "लांबून फोटो म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि चोरून काढला तर तो माझा होईल. तिचा कसा होईल?" दोन पायऱ्या उतरले. "मला तिचा पाहिजे."

मग त्या फोटोंचं पुस्तक करायचं ठरलं. एकशे बारा फोटो. मामांनी पहिलं पान कोरं सोडलं. छापखान्यातून दोनदा विचारणा झाली. मामा म्हणाले, थांबा. लिहिणारी मनात हिशेब करू लागली. छापखाना थांबेल, पण किती? ताई सत्तरीच्या पुढे गेली होती. मामांना जिना चढताना दोनदा टेकावं लागे.

एका मंगळवारी तिने सगळे फोटो पेटीत भरले आणि मामांना न सांगता ताईकडे गेली.

"लाँड्रीत बॉयलर कुठल्या बाजूला होता, विचारायचं होतं," तिने निमित्त सांगितलं.

"डावीकडे. पेटीत काय आहे?"

तिने पेटी उघडली. ताईने हात पुसले, चष्मा लावला आणि खाटेवर एकेक फोटो मांडायला लागली. कपडे घडी करावे तशी, कडेला कड जुळवून. लिफ्टवाली. नर्स. चांभार. प्रत्येकाच्या डोळ्याखाली गाठ नुकतीच सुटलेली. खाट भरली, तेव्हा फळी उघडून तिच्यावर मांडले.

"सगळे मधोमध आहेत," ताई म्हणाली.

"हो."

"एकपण कडेला नाही?"

"नाही. एकशे बारा आहेत."

ताईने चष्मा काढला, फडक्याने पुसला. त्या फडक्याला इस्त्रीची घडी होती.

"मला राग फोटोचा नव्हता गं," ती म्हणाली. "फोटो खोटा असता तर मीही हसले असते. चादरी मधे आणि मी कडेला. तेहतीस वर्षं तसंच तर होतं. तो ते सगळ्या गावाला दाखवून बसला."

ताईने फोटो पुन्हा गोळा केले, पेटीत भरले, झाकण लावलं. "त्याला सांग, रविवारी पिशवी उघडली तरी चालेल. आणि दाढी करून ये म्हणावं."

"फोटो तर तुमचा काढायचाय."

"दीड हातावर येणार ना तो? मग मला त्याचंच तोंड बघत बसायचंय."

मामा दुकानात होते. एका गिऱ्हाइकाला हनुवटी खाली, मान वर करायला लावत होते. लिहिणारीने निरोप सांगितला. मामांनी झाकण तोंडातून काढलं आणि गिऱ्हाइकाच्या शेजारी त्याच स्टुलावर टेकले. दोघं कसेबसे मावले.

"काय म्हणाली? पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं.

"दाढी?"

"दाढी."

गिऱ्हाईक म्हणालं, "माझा फोटो?"

"उद्या या," मामा म्हणाले. "उद्या फुकट काढतो. आज माझा हात हलेल."

त्यांनी नवी दोरी आणली. जुनी शेकडो गालांनी काळवंडली होती. पांढरी सुती दोरी कोपरापासून बोटांपर्यंत मोजली, मग अर्धी आणखी. तीनदा मोजली. गाठ घट्ट मारली आणि ती बोचते का, ते स्वतःच्या गालावर घासून पाहिलं. शनिवारी न्हाव्याकडे जाऊन आले. न्हाव्याने विचारलं, लग्न कुणाचं? मामा म्हणाले, "माझ्या पहिल्या फोटोचं." संध्याकाळी लिहिणारीला म्हणाले, "चार ओळी आत्ताच लिहू नका. आधी फोटो होऊ द्या." तिने त्या लिहून ठेवल्या होत्या. तसं बोलली नाही.

रविवारी सकाळी साडेअकराला मामा दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून घड्याळजींनी पाहिलं. मामांचा हात छातीवर होता. घड्याळजी धावले.

"काही नाही," मामा म्हणाले. "चारपर्यंत बरं वाटेल."

दवाखाना दोन चौक पलीकडे. तिथपर्यंत पोचायच्या आतच सगळं संपलं. घड्याळजींनी लिहिणारीला फोन केला. ती गेली तेव्हा मामांच्या गालाला साबणाचा वास येत होता. इतका गुळगुळीत गाल तिने कधी पाहिला नव्हता. ती त्या गालाकडेच बघत राहिली.

ताई आली. रडली नाही. भावाच्या सदऱ्याची कॉलर मुडपली होती, ती सरळ केली आणि अंगठ्याने दाबून धरली. घडी बसेपर्यंत.

पुढच्या रविवारी घड्याळजींनी पिशवी लिहिणारीकडे दिली. तुम्हीच न्या, म्हणाले. ती चार वाजता ताईच्या दारात पोचली. ताईने दोन कप मांडले होते. मग तिसरा काढला, हातात धरून उभी राहिली आणि परत मांडणीवर ठेवून दिला.

"उघड," ती म्हणाली.

पिशवीत कॅमेरा होता. लेन्सच्या कड्याला नवी चिकटपट्टी. पांढरी दोरी, नीट गुंडाळलेली. आणि पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर पेन्सिलने लिहिलेली कामं.

"वाच. चष्मा लांब आहे माझा," ताई म्हणाली. चष्मा तिच्या गळ्यात होता.

लिहिणारीने वाचलं.

"नवी दोरी. बरोबरची खूण केलीये."

"हं."

"लेन्स पुसणे. खूण. पडदा अर्धा, चारचं ऊन फळीवर. त्यालाही खूण केलीये."

"पडदा तर माझ्या घरात आहे. आधीच कशी केली?"

"अठरा वर्षं बघत होते ना."

ताई उठली. पडदा अर्धा ओढला. ऊन फळीवर आलं.

"पुढं?"

"दाढी. खूण. दोनदा."

ताईच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यात मोडलं. तिने खुर्ची उचलली, खोलीच्या मधोमध ठेवली, बसली. दोरीचं टोक मागून घेतलं आणि गाठ डोळ्याखाली टेकवली. लिहिणारीने कॅमेरा उचलला. एक पाऊल मागे सरली. दोरी ताणली गेली. चौकटीत खाट होती, मोरी होती, फळीवरचं ऊन होतं आणि मधोमध ताई होती. 'सोडा' म्हणायचं होतं, तिच्या तोंडून ते निघेना.

"अजून काय लिहिलंय?" ताईने विचारलं. गाठ तशीच धरलेली.

लिहिणारीने पाकीट न बघताच सांगितलं.

"ताई, मधोमध."

"आणि खूण?"

"नाही केलेली."