पुसूनखाणी अक्का

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, कुठलंबी गोड खायच्या आदी पदराचं टोक पाण्यात बुडवायच्या अन् त्यावर घासून बघायच्या. लगीन असू दे न्हायतर बारसं. रंग उतरला की खाली ठेवायच्या. "पोट रंगवून काय करायचंय? आत कोण बघाया जातंय?" गाव त्यास्नी पुसूनखाणी म्हणायचं. त्यांचा पदर बघितला की गावात कुठं कुठं पंगती झाल्या ते कळायचं.

ते काय खूळ न्हवतं. एकदा येडशीकडच्या जत्रंत त्यांनी लालभडक जिलेबी खाल्ली. घरी येस्तवर अंगभर खाजऱ्या गांधी उठलेल्या, व्हट सुजून भज्यावानी, दम लागलेला. शेजारणी म्हणल्या, देवाचा कोप झालाय. अक्का तशा सुजल्या तोंडानं बोलल्या, "देवाला दुसरा कामधंदा न्हाय व्हय? माझ्या व्हटामागं लागलाय!" कळंबच्या डाक्टरनं सांगितलं, रंगाचं खाऊ नका, फुडल्या टायमाला गळा सुजला तर श्वास कोंडंल. तवापासनं लाल सरबत, पिवळी शेव, गुलाबी बडीशेप, समदं बंद.

माझा नवरा गेला तवा लेक लई लहान. अक्काला पोरबाळ न्हवतं. आमी दोघी खुरपायला जायचो, बांधावर कोरडी भाकरी खायचो. माझे डोळे भरले की अक्का म्हणायच्या, "रडून भाकरीला मीठ लागत असंल तर रड बाई."

लेकीची सुपारी फोडायला अणदूरचे पावणे आले. बिनबापाच्या पोरीला असं स्थळ पुन्ना आलं नसतं. मोडू नये, एवढाच माझ्या जिवाला घोर. विहीणबाईनं केशरी बुंदीचे लाडू आणलेले. घरातल्या थोरलीला विहिणीनं आपल्या हातानं भरवल्याबिगर आमच्यात सुपारी फुटत न्हाय. विहीण लाडू घेऊन म्होरं आली. अक्कांनी तो हातात घेतला, पदर भिजवला अन् घासला. पदर केशरी झाला.

विहीण भडकलीच. "आमच्या लाडवाची परीक्षा घेताय? मग सोयरीक तरी कशाला?"

"पोरगं कुठं घासून बघितलंय म्या?" अक्का म्हणल्या. "ते बिनघासता पसंत हाय. पर ह्यो लाडू मला मारतोय. सुपारी फोडायला आलाव अन् मला गाडून जाचाल."

म्या त्यांच्या कानाशी लागले, "अक्का, चिमूटभर तरी खावा."

"चिमूटभर मरता येतंय व्हय गं?"

मग त्या उठल्या, आतनं गुळाची ढेप आणली अन् विहिणीच्या हातात दिली. "मान लाडवाचा न्हाय, तुमच्या हाताचा हाय. ह्या हातानं गूळ भरवा, बोटासकट खाते."

विहीण ढेप घेऊन हुबी. मग तिनं खडा मोडला अन् अक्काच्या तोंडात असा कोंबला, की अक्काला ठसका लागला. ठसक्यातच म्हणल्या, "आता मेले तर गुळानं मेले म्हणून सांगा!" विहिणीला हसू आवरंना. सुपारी फुटली.

अक्का गेल्या साली गेल्या. रंगानं न्हाय, म्हातारपणानं. परवा नातवाच्या बारशाला म्या अणदूरला गेलते. ताटात लाडू फिके फटफटीत. एक पावणी म्हणली, "रंग घालायचा इसरला का काय?"

विहीणबाई तोऱ्यात म्हणल्या, "आमच्या घराण्यात रंग घालतच न्हाईत. आजेसासूपसनंची रीत हाय."

आमच्या अक्का मेल्यावर विहिणीच्या आजेसासू झाल्या. म्या आणिक एक लाडू मागून घेतला.