घरचं कांद्याचं बी

माझ्या माहेरच्या बायकांचं कौतुक मला कुणी सांगू नये. पिंपरीजवळच्या त्या मळ्यात पणजी राबली, आजी राबली, आई राबली, आणि प्रत्येकीनं दुसरीचा दुस्वास केला. मी चौथी. मीही काही कमी नव्हते.

सगळं भांडण कांद्याच्या बियाण्याचं. पणजी लग्न होऊन आली तेव्हा स्वतःच्या माहेरचं बी पदराच्या गाठीत चोरून घेऊन आली. लालभडक, घट्ट कांदा, दिवाळीपर्यंत सडायचं नाव नाही. गावात तसला कांदा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मग हिनंच नियम घातला, की हे बी सुनेला द्यायचं, पोरीला नाही. पोर ते दुसऱ्याच्या शिवारात नेते. स्वतः चोरटी, आणि नियम आम्हाला!

दिवाळी झाली की निवडक कांदे परत जमिनीत लावायचे. त्यांना लांब डेंगळे फुटायचे, टोकाला पांढरे गोंडे यायचे आणि उन्हाळ्यात त्यातून काळं बी झडायचं. ते राखेत घोळून भोपळ्याच्या तुंब्यात ठेवायचं. हे दरसाल करावं लागे, कारण कांद्याचं बी जेमतेम वर्षभर जगतं. ही सगळी उस्तवार माझ्या आईनं केली. पण आजीनं तुंबा दिला थोरल्या सुनेला, माझ्या चुलतीला, कारण तिला दोन मुलगे आणि आईला एकटी मी. चुलती गोंड्यांकडे फिरकायचीसुद्धा नाही. तुंबा मात्र तिच्या उशाला.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावर माझं लग्न झालं, चाकणच्या पलीकडे दिली. निघायच्या दिवशी मी आजीसमोर उभी राहिले.

"मला मूठभर बी पाहिजे."

"पोरीला देत न्हाईत."

"पणजी कुणाची पोरगी नव्हती व्हय? आभाळातनं पडली व्हती?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं आता पायताण येतंय. पण ती चुलतीकडून तुंबा घेऊन आली, मूठ भरली आणि आईच्या हातात दिली. "बांध हिच्या ओटीत. लई जीभ हाय कार्टीला." आई चुलीपाशी गेली आणि पुरचुंडी बांधून घेऊन आली.

दसऱ्याला मी सासरी वाफा केला, बी टाकलं, रोज पाणी घातलं. पंधरा दिवस झाले, हिरवं टोक नाही. सासू रोज येऊन बघायची आणि हसायची. शेवटी पुरचुंडीत राहिलेले चार दाणे तिनं दाताखाली धरले आणि थुंकले. "अगं बये, हे तर शेकलंय. तव्यावर घातलंय कुणीतरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिल्यासारखं करून म्हातारीनं माझं सासरी हसं केलं! तीन वर्षं मी माहेरी पाऊल टाकलं नाही. दिवाळीला मला न्यायला मुराळी आला, त्याला दारातूनच परत लावला. रोज भाकरी थापताना आजीला शिव्या घालायचे, अगदी नेमानं.

तेवढ्यात पिंपरीला कंपन्या आल्या. चुलतभाऊ दोघेही चिकटले. चुलती म्हणाली, घरात पगार येतोय, आता डेंगळे कोण राखत बसतंय? त्या वर्षी कांदे लावलेच नाहीत. पुढच्या वर्षी तुंब्यातलं जुनं बी टाकलं, ते मेलेलं. घरचं बी संपलं.

आणि एका दुपारी माझ्या दारात बैलगाडी थांबली. आजी उतरली, मागून आई.

"तुला दिलं व्हतं त्यातलं राखलं असशील," आजी म्हणाली. उभ्या जन्मात तिचा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता. "मूठभर दे. वाईच दे."

"शेकून दिलंस आन आता मागतीस? लाज न्हाई वाटत?"

"कुणी शेकलं?" आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच आईकडे वळली.

आई खाली बघत होती. मग तिनं मान वर केली, आणि बोलली ती माझ्याशीच. "मी शेकलं. वीस वर्सं गोंडे मी राखले. मला कुणी कधी म्हणालं न्हाई, घे यातलं चिमूटभर. आन तुला एका शब्दावर मिळालं."

माझी आई. मला जिनं जन्म दिला ती.

आजी गाडीत चढली आणि गडीमाणसाला म्हणाली, "हाक." आई गाडीकडे गेली तोवर बैल चालू लागले होते. ती रस्त्यात थांबली, परत फिरली आणि माझ्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

मी आत गेले आणि कडी लावली.

पिंपरी तिथून पाच-सहा कोस. चालत गेली असेल. मी कधी विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही.