ओव्याचा शेक

परवा बाळंतीण नातीच्या बाजेखाली शेगडी सारून निखाऱ्यांवर ओवा टाकला, आणि त्या वासासरशी बेलापूरकडचा आमचा दवाखाना आठवला. लढाईच्या दिवसांतली कडक थंडी होती. आई तिथं आया होती, आणि तपासण्यांसाठी आणलेल्या, सशाहून लहान अशा गिनीपिगांची निगाही तीच राखायची. एका पहाटे अंगणातल्या खुराड्यात त्यांतली एक मादी व्याली. आईनं भोवती पोती बांधली, आत उसाचं पाचट भरलं आणि माणसाच्या बाळंतिणीला देतात तसा खालून शेगडीवर ओव्याचा शेक दिला. घटकाभरात पाचट धुमसायला लागलं. आईनं ते हातांनी ओढून काढलं आणि मादीला पिलांसकट पदरात घेतलं. धूर बघून डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अगं, ही सुया टोचायला ठेवलेली जनावरं. त्यांना शेक कसला देतेस?" भाजलेली बोटं लुगड्यात लपवत आई म्हणाली, "व्हय बाई, पर आज ती बाळंतीन हाय." बाईंनी अंगावरची शाल काढून आईच्या पदरावर घातली. पुढं सव्वा महिना त्या मादीला कुणी सुई लावली नाही. आई रोज दिवस मोजायची. नातीचे आता मी मोजतेय.