दोन विहिरींचा दोर

तुमच्या गावात पाण्याची बैठक भरते, तेव्हा तिथं कोण नसतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

आमच्या आरोग्य निरीक्षकांना आधी तेच दिसायचं. माणसं उठू लागली की ते टोपी घालत, पुन्हा काढत आणि विचारत, "कोण राहिलं?"

हा प्रश्न त्यांना आमच्या जळकोटाकडच्या गावानं शिकवला. त्या साली घरोघरी नारू होता. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, आग व्हायची, आणि माणूस तोच पाय बारवेत बुडवायचा. ते पाणी सगळे प्यायचे. साहेबांनी कुणाला न विचारता बारवेच्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे टाकले. सकाळी काटे गायब!

"लई वाळले होते, साहेब," पाण्याला आलेली म्हातारी म्हणाली. "भाकरी झ्याक भाजल्या. पायऱ्या बंद केल्या तर पाणी काढावं कशानं? दोर हाय का रहाट हाय?"

साहेब चिडले, मग खदाखदा हसले आणि तिथंच पायरीवर बसले. गुडघा मात्र सारखा हलत होता. बैठक झाली. पायऱ्या बुजवून पाथरवट कठडा बांधणार, सुतार रहाट करणार. पाऊस लागायच्या आत.

"कोण राहिलं?"

दोर वळणारा राहिला होता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. साहेब तडक गावकुसाबाहेर गेले. मागून पाटील, मागून मी. तो पाय पसरून दोर वळत होता. घोट्यातून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला.

"दोर देतो की," तो म्हणाला. "पर आमच्या विहिरीच्या पायऱ्या कोण बुजवणार?"

"आधी गावाचं होऊ दे," पाटील म्हणाले. "तुमचं पुढल्या साली बघू."

"मग दोर बी पुढल्या साली."

"मला धमकावतो व्हय?"

"न्हाय मालक. नुसता बसलोय."

साहेब त्याच्या शेजारी मातीत बसले. "मीही बसलो, पाटील. दोन्ही विहिरी, नाहीतर एकही नाही."

पावसाआधी दोन्ही विहिरींना कठडे झाले. साहेबांची मात्र बदली झाली. एस.टी.च्या पायरीवर उभं राहून त्यांनी सवयीनं मागं पाहिलं, "कोण राहिलं?"

"तुम्हीच, साहेब," कंडक्टर म्हणाला. "चढा आत."

पुढच्या उन्हाळ्यात दोर वळणारा धडधाकट पायांनी बाजाराला चालत गेला. ते पाहायला साहेब नव्हते. आता गावात दवाखान्याची बैठक भरते, आणि चटईवर पुन्हा तीच चार माणसं असतात.

तुमच्याकडेही असतील. उठायच्या आधी विचारा, कोण राहिलं? आणि जो राहिला असेल, त्याच्या दारात चटई नेऊन टाका.