मागच्या सीटा काढलेली गाडी

मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, त्या वर्षी माझ्या नवऱ्यानं मोठी गाडी घेतली. सुरतच्या एका कापड व्यापाऱ्यानं दोनच वर्षं वापरलेली, परदेशी बनावटीची. नदीनाले, खडक, चिखल, कुठूनही जाईल अशी. पण आत बसलं की एखाद्या मोठ्या हॉटेलात बसल्यासारखं वाटायचं. फिक्या बदामी रंगाच्या, चामड्याच्या सात सीटा होत्या. त्या व्यापाऱ्यानं तिला डांबरी रस्त्यावरून खाली कधी उतरवलंच नव्हतं. आमच्या तापीकाठच्या गावात ती आली तेव्हा लोक भोवती फिरून, काचेला कपाळ टेकवून आत बघून गेले.

चोवीस वर्षं आम्ही केळी आणि ऊस सोडून कुठं गेलो नव्हतो. गेलो तरी दोन दिवसांच्या वर नाही. कधी पाण्याची पाळी, कधी तोडणी, कधी मजूर आले नाहीत. माझी गावातल्या शाळेत नोकरी, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी मला मिळायची, पण त्यांना नाही. मुलगी गेल्यावर एकदा जेवताना ते म्हणाले, "आता आपण दोघं फिरू. हॉटेल नको, बुकिंग नको. मन लागेल तिथं गाडी लावायची आणि तिथंच झोपायचं."

"गाडीत?" मी विचारलं.

"गाडीतच. घरच करू तिचं."

घरात आम्ही गुजरी, आमच्या गुजर समाजाची बोली, बोलतो. ते बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे, पण त्या दिवशीचा त्यांचा आवाज मला मराठीत आणता येत नाही. लेकीच्या पाठवणीलासुद्धा ते इतक्या मऊपणानं बोलले नव्हते.

पुढचे सात महिने त्या गाडीत गेले. आज मागे वळून बघते तेव्हा माझ्या लग्नातले तेच सगळ्यात चांगले दिवस होते, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आधी मागच्या दोन्ही ओळींच्या सीटा काढल्या. शहाद्याचा एक वेल्डर आमच्या खळ्यात येऊन काम करायचा. सीटा बाहेर काढून ठेवल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मला म्हणाला, "वहिनी, आते हाई गाडीमा बसी कोन?" मी हसले. म्हणाले, "आम्ही दोघं." त्या सीटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून खताच्या गोदामात ठेवल्या.

मग वेल्डरनं चौकोनी पाइपाची चौकट केली, सुतारानं वर प्लायवूड बसवलं. खाली खण, वर झोपायची जागा. मागचं दार उघडलं की एक खण सरळ बाहेर येतो, त्यात शेगडी, मसाल्याचे डबे, पोळपाट. एका बाजूला चाळीस लिटर पाण्याची टाकी आणि तिला नळ. दुसरी बॅटरी, तिच्यावर चालणारा लहान फ्रिज. पुण्याहून टपावर बसवायचा तंबू आणला, तो छत्रीसारखा उघडतो. स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटं उंच केली, खोल नक्षीचे जाड टायर घातले, बॉनेटच्या कडेनं हवेची नळी वर काढली, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनात पाणी जाऊ नये.

झोपायच्या जागेची मापं घ्यायला ते मला प्लायवूडवर आडवं व्हायला सांगायचे. मी पाय लांब करायचे, ते पेन्सिलीनं खूण करायचे, मग स्वतः शेजारी येऊन पडायचे. खळ्यात मजूर येत-जात असायचे, मला लाज वाटायची, पण मी उठायचे नाही. गाडीच्या छताकडे बघत ते नावं घ्यायचे, कच्छ, स्पिती, लेह. मी शाळेच्या नकाशात ती गावं मुलांना दाखवलेली होती.

फोमच्या गादीला खोळ मी शिवली. जाड, दुधी रंगाचं कापड, चारी बाजूंनी चेन. खिडक्यांच्या मापाचे पडदे केले. शाळेतून आले की मशीनवर बसायचे. त्या वर्षी दिवाळीचा फराळसुद्धा मी विकत आणला.

पहिली खेप लांबची करायची नाही, गाडी कशी वागते ते बघायचं, म्हणून सातपुड्यात जायचं ठरलं. धडगावच्या पुढं एका पठारावर त्यांचे तीन मित्र आपापल्या गाड्या घेऊन आदल्या दिवशी पोचणार होते. मला वाटलं होतं आम्ही दोघंच जाऊ. मी तसं बोलले. ते म्हणाले, "पहिल्या वेळी कोणी जाणकार सोबत असलेला बरा." मलाही पटलं.

जानेवारीतली सकाळ होती. तळोदा ओलांडला आणि घाट लागला. अर्ध्या घाटात, एका वळणाच्या पुढं, दहा-बारा माणसं रस्त्यात उभी होती. त्यांनी हात आडवे केले. ह्यांनी ब्रेक दाबला.

कडेला बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी होती आणि तिच्यात एक माणूस होता. घराचं आढं चढवताना लाकूड निसटून त्याच्या मांडीवर पडलं होतं. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि त्यावरचं लुगड्याचं फडकं रक्तानं काळपट झालं होतं. पाड्यावरून दीड तास चालत त्याला रस्त्यापर्यंत आणलं होतं. तिथं फोनला रेंज नव्हती. दोन पोरांना वर टेकडीवर फोन लावायला पिटाळलं होतं. एक म्हातारा आमच्या खिडकीशी आला.

"दादा, खाली तळोद्यापर्यंत न्या. दवाखान्यात."

"गाडीत सीटाच नाहीत," हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान वाकवून मागे पाहिलं. मागे सहा फुटांची गादी होती. "सीट नको," तो म्हणाला. "त्याला झोपवूनच न्यायचं आहे."

"बाबा, ही तसली गाडी नाही. आत गॅस आहे, बॅटऱ्या आहेत. सीटा काढलेल्या आहेत, कागदावर सात दिसतात. वाटेत याला काही झालं तर जबाब कोणी द्यायचा?"

मग माझ्याकडे न बघता ते गुजरीत हळूच म्हणाले, "रक्त आहे. खोळीला लागलं तर निघत नाही. खाली जाऊन परत यायला तीन तास. ते लोक वाट बघतायत."

इथं मला खरं लिहायचं आहे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्यांनी खोळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं खोळच आली. दुधी कापड, चेन, काठावरची दुहेरी शिवण. माणूस नंतर आला. किती वेळानं ते सांगता येत नाही, पण नंतर आला.

तेवढ्यात झोळीशी बसलेली बाई उठून माझ्या बाजूच्या खिडकीशी आली. गाडी उंच केलेली, त्यामुळे तिला मान वर करावी लागली. "बाई," ती म्हणाली, "मी तुमच्या केळीत होते. दोन वर्षं. विहिरीजवळच्या खोलीत राहत होतो आम्ही."

मी तिला ओळखलं. झोळीतल्या तिच्या नवऱ्यालाही ओळखलं. घड कापायला त्याच्यासारखा दुसरा हात नव्हता, असं हेच म्हणायचे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"जीप येईलच आता," ते म्हणाले. काच वर गेली. लोक बाजूला झाले. कोणी गाडीवर हात मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. गाडी निघाली.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग मी म्हणाले, "थांबवा."

"काय झालं?"

"मला उतरायचं आहे."

"उतरून काय करणार तू? डॉक्टर आहेस?"

"थांबवा म्हटलं ना."

त्यांनी थांबवली. मी पर्स घेतली आणि पायरीवरून खाली उतरले. ते म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. मी वर जातो, तू जीपनं ये." त्यांना वाटलं असावं की मी तिथंच उभी राहीन. मी उताराला लागले. पाठीमागे इंजिनाचा आवाज चढाला गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

मी पोचले तेव्हा वरून प्रवासी जीप आली होती. आत माणसं खच्चून भरलेली, टपावर आमचुराच्या गोणी आणि त्यांच्यावरही माणसं. ड्रायव्हरनं खाली उतरून झोळीकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाला, "उतरा खाले, जागा करा." कोणी कुरकुर केली नाही. मधली सीट रिकामी केली, तिच्यावर त्याला आडवं केलं. सात-आठ जण रस्त्यावरच मागे राहिले, पुढच्या जीपची वाट बघत. त्यांच्यात एक म्हातारी होती, कडेवर नातू होता. ती आपण होऊन उतरली.

त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं, पाय माझ्या. जीप खड्ड्यात आदळली की तो दात आवळायचा, ओरडत नव्हता. माझ्या साडीला रक्त लागलं. ते लागावं असं मला वाटत होतं, आणि असं वाटण्याचीही लाज वाटत होती.

बरंच अंतर गेल्यावर त्याची बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमची गाडी बिघडली का?"

मी म्हणाले, "हो."

तिनं मान हलवली. गाडी चढाला गेली तेव्हा तिचा आवाज घाटभर घुमला होता, तो तिनंही ऐकला होता. तिनं मला बोलायला एक वाट करून दिली आणि मी त्या वाटेनं गेले.

तळोद्याला त्याच्या पायाला नीट बांधलं, सलाइन लावलं आणि नंदुरबारला पाठवायची तयारी केली. दवाखान्याच्या गाडीत त्याची बायको आणि जीपनं सोबत आलेला त्याचा भाऊ बसले. मी बाहेर उभी होते. तिनं खिडकीतून हात जोडले. मला तिला सांगायचं होतं की हात जोडू नकोस, पण तोपर्यंत गाडी निघाली होती. मी बसस्टँडवर गेले आणि एसटीनं घरी आले. साडी भिजत घातली.

हे तिसऱ्या दिवशी आले. उन्हानं रापलेले, खुशीत. पठारावरून नर्मदेचं पाणी कसं दिसतं, तंबू किती मिनिटांत उघडला, फ्रिज कसा चालला, सगळं सांगत होते. मित्रांमध्ये माझा विषय निघालाच असणार. तो कसा निघाला ते मला नंतर एका लग्नात कळलं. त्यांचा एक मित्र पंगतीत मला हसत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला म्हणे घाटातच समाजसेवेची हुक्की आली."

आम्ही त्यावर एकदाच बोललो. मी म्हणाले, "तो माणूस आपल्याकडे राबला होता. तुम्ही ओळखलं होतं त्याला."

"ओळखलं होतं."

"मग?"

ते शांतपणे म्हणाले, "तूही ओळखलं होतंस. खिडकीशी उभी होती ती, तेव्हा बोललीस का? दोन वळणं गेल्यावर तुला आठवण झाली. मी नाही म्हटलं, ते तुला सोयीचंच पडलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. जे मी स्वतःला सांगायला घाबरत होते ते त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि तेही भांडणात जिंकायला म्हणून. त्यानंतर आमच्यात भांडण असं झालंच नाही. ते मित्रांबरोबर कच्छला गेले, स्पितीला गेले. निघताना विचारतात, "येतेस का?" मी म्हणते, "गुडघे दुखतात, एवढं उंच चढवत नाही." हे खरंही आहे. गाडी उंच करताना माझ्या गुडघ्यांचा विचार कोणी केला नव्हता, मीसुद्धा नाही.

त्या माणसाचा पाय जुळून आला, पण बोटभर आखूड राहिला. पुढच्या हंगामात त्यांच्या पाड्यावरची टोळी केळीला आली. ती दोघं आली नाहीत. मुकादमाला विचारलं तेव्हा एवढंच कळलं की तो आता घरीच असतो, शेळ्या बघतो.

गेल्या मे महिन्यात मी तळोद्याच्या बाजारात गेले होते. डोंगरातल्या बायका रस्त्याच्या कडेनं ओळीत बसल्या होत्या, पुढ्यात टोपल्या. त्यांच्यात ती होती. डोक्यावर पदर ओढून, उन्हात डोळे बारीक करून गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी दहा पावलांवर होते. पुढं जाऊन तिच्यासमोर बसायचं, पायाची चौकशी करायची, एवढंच करायचं होतं. तिनं मान वर केली. मला पाहिलं की नाही ते सांगता येत नाही, कारण तोवर मी भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत वळले होते.