कानामागची जागा

नाशिकच्या ज्या दवाखान्यात मी कान तपासते, तिथे मशीन बसवलेल्या प्रत्येक पेशंटकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. ऐकू किती येतं, समाधान किती, दहापैकी गुण द्या. मला या फॉर्मचा मनापासून कंटाळा आहे. सावळीराम पगारेबाबांनी मात्र सगळीकडे दहा-दहा दिले आणि एकच रकाना सोडला: घरच्या माणसाशी बोलणं किती सोपं झालं?

बाबा महापालिकेच्या बागेत माळी होते. लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे, त्यामुळे कानात घालायचं मशीन त्यांना चालत नसे. म्हणून उजव्या कानामागच्या हाडात स्क्रू बसवला. तो पक्का व्हायला तीन महिने लागतात, मग त्यावर मशीन चढतं. ऑपरेशननंतर मी त्यांच्या पत्नीला, चांगुणाबाईंना, बजावलं होतं, "या जागेला कुणाचा धक्का लागता कामा नये." सगळ्यांना सांगते तसंच सांगितलं.

तीन महिन्यांनी बाबा एकटेच आले. "जय भीम, ताई," म्हणाले आणि खुर्चीत बसले. मशीन चढवलं. निकाल फारच छान आला. मी कुजबुजले तरी ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवत होते. मी खुशीत होते. सोडलेल्या रकान्यावर बोट ठेवून मी म्हणाले, "बाबा, हे राहिलं. घरी आजींना विचारून भरा हवं तर."

"ती गेली, ताई. मागल्या महिन्यात. हार्टचा झटका आला."

मग ते सांगत बसले. चांगुणाबाईंना दमा, त्यामुळे ओरडून बोलणं जमायचं नाही. लग्नानंतर कधीतरी त्यांना कळलं, की नवऱ्याच्या कानामागे हनुवटी टेकवून बोललं की त्याला सगळं ऐकू जातं. तेव्हापासून तीच जागा, तीच उजवी बाजू. चाळीस वर्षं दोघांच्या गप्पा तशाच झाल्या. लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही.

"तुमी सांगितलं ते तिनं लय पाळलं," बाबा म्हणाले. "दोन महिने नुसत्या खुणा. गेली त्या सकाळी माझ्या मागं येऊन उभी राहिली. हनुवटी टेकवाया वाकली, अन् स्क्रू आठवला तिला. मागं सरली. हातानंच म्हणाली, मशीन बसल्यावर सांगते."

मला रडू आवरेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं होतं. डाव्या कानामागे, कपाळाला, कुठेही हनुवटी टेकवली असती तरी आवाज हाडातून पोचला असता. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

बाबा चष्मा पुसत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "ताई, तितं नाय, तर कपाळाला टेकून बोलली असती, तर आलं असतं का ऐकू?"

मशीन इतकं चांगलं लागलं होतं, की हळू बोलूनही सुटका नव्हती.

"नाही, बाबा. तसं ऐकू येत नाही."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं. "मग बरं," ते म्हणाले. "मग तिचं काय चुकलं नाय."

ते गेल्यावर तो रकाना तसाच रिकामा ठेवून मी फॉर्म फाइलला लावला.