बेसलाइनला पडलेला बाक

"मॅक्युलर होल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी एक मोठा गोल काढला. गोलाच्या आत, मागच्या भिंतीवर, पेनाने एक टिंब दिलं. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, रेटिना, त्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा तिळाएवढा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरचा माणूस ओळखणं ही सगळी बारीक कामं त्याची. माझ्या उजव्या डोळ्यात नेमकं तिथेच भोक पडलं होतं.

"ऑपरेशन तीन आठवड्यांनी केलं तर चालेल का?" मी विचारलं.

"का? घरात लग्न आहे?"

"विम्बल्डन आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भोक वाढत जातं. आणि विम्बल्डन तुम्ही बघणार कोणत्या डोळ्याने?"

माझा डावा डोळा जन्माचा आळशी. त्याला लेझी आयच म्हणतात. डोळा वरून धडधाकट, पण लहानपणी मेंदूने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही, म्हणून तो बघायला शिकलाच नाही. समोर कुणीतरी उभं आहे एवढं त्याने कळतं, कोण ते कळत नाही. एकसष्ट वर्षं सगळा कारभार उजव्यानेच हाकला. तो गेला तर मागे काही शिल्लक नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं आणि तरीही तोंडातून पहिलं वाक्य विम्बल्डनचं निघालं. माझा स्वभाव कसा आहे ते यावरून समजून घ्या.

तुमच्यापैकी कुणाला हे होऊ नये, पण झालं तर माझ्यासारखा वेळ घालवू नका, म्हणून सुरुवात कशी झाली ते सांगते.

मी सावेडीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. पस्तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवला आणि पस्तीस वर्षं घरी येऊन टेनिस पाहिलं. त्या उन्हाळ्यात पॅरिसची स्पर्धा चालू असताना नेट मधोमध लोंबल्यासारखं दिसायला लागलं. बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, तिला बाक आला. मी डिशवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, तरी बाक तसाच. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, रेघ सरळ हाय. देवाशपथ." मी त्याला नीट काम येत नाही म्हणून वाटेला लावला.

मग चेंडू गायब व्हायला लागला. त्याच्याकडे थेट पाहिलं की नाहीसा, जरा बाजूला पाहिलं की हजर. हल्लीची पोरं फारच जोरात मारतात, अशी मी माझी समजूत घातली. डोळ्यांवर शंका घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही. शेवटी भाजीला जाताना पुढच्या रिक्षाच्या नंबर प्लेटवरचे मधले दोन आकडे दिसेनात, तेव्हा मी स्कूटर बाजूला घेतली. डावा डोळा झाकून खांबाकडे पाहिलं. खांब कमरेत वाकला होता. तोवर तीन आठवडे गेले होते.

तपासणी तशी सोपी असते. ओसीटी नावाचा एक फोटो काढतात. हनुवटी टेकवायची, हिरव्या दिव्याकडे बघायचं, दुखत काही नाही. पडद्याचा आडवा छेद संगणकावर दिसतो. माझ्या छेदात मधे दरी होती, दोन्ही कडा उचललेल्या.

ऑपरेशन ठरलं विम्बल्डनच्या पहिल्या गुरुवारी. व्हिट्रेक्टमी म्हणतात त्याला. डोळ्यातला जेलीसारखा गर काढून घेतात, पडद्यावरची पातळ साल सोलतात आणि डोळ्यात गॅस भरतात. तो गॅसचा बुडबुडा भोकाच्या कडा दाबून धरतो. बुडबुडा वर चढतो आणि भोक तर डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणून पेशंटने मान खाली घालून राहायचं. मला दहा दिवस सांगितले. तासाला दहा मिनिटांची सूट, जेवायला आणि बाथरूमला. विमानप्रवास बंद, घाट चढणं बंद, कारण उंचीवर गॅस फुगतो.

"दहा दिवस हेच तुमचं औषध," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी माझं काम केलं. आता मान तुमची."

त्याआधी तपासणीच्या फेऱ्यांत वेटिंग रूममध्ये मला ज्याचा त्याचा हेवा वाटत होता. मोतीबिंदूवाले सकाळी आत जायचे आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून हसत परत यायचे. खर्डा गावच्या एक आजी माझ्याशेजारी बसल्या होत्या. पट्टी काढल्यावर म्हणाल्या, "लई झ्याक दिसतंय गं बाई. तुझ्या गालावरला तीळबी दिसतो." मी खाली मान घालून हसले. मनातून त्या आजींचा राग आला. इतक्या साध्या दुखण्यावर सुटका झाली म्हणून राग. आजारात माणूस फार चांगला होतो असं लोक लिहितात. माझं तसं काही झालं नाही.

घरी मान खाली घालून बसायची सोय माझ्या यजमानांनी केली. त्यांना सगळे बापू म्हणतात, मीही म्हणते. बापू मूळचे कर्जतचे, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. त्यांनी जुन्या धोतराची मोठी चुंबळ वळली, बायका हंड्याखाली घेतात तशी, आणि ती टेबलाच्या कडेला बांधली. त्या चुंबळीत कपाळ टेकवायचं, नाक मधल्या पोकळीत. खाली फरशी. फरशीसुद्धा दिसत नव्हतीच.

टीव्ही पाठीमागे. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांचा गलका झाला आणि माझी मान आपोआप वर गेली. बापूंनी रिमोट घेऊन आवाजच बंद केला. "मी सांगतो," म्हणाले.

पस्तीस वर्षांत या माणसाने टेनिसचा एक सामना धड पाहिला नव्हता. आमच्या घरी मी टेनिसवाली आणि ते चहावाले, अशी वाटणी होती. त्यांचं सांगणं असं: "मारला. त्यानंबी मारला. परत मारला. भाईर." मी चुंबळीतून ओरडायचे, "कुणी मारला? कुठे मारला?" मग मीच त्यांना पंधरा-तीस-चाळीस शिकवलं, फोरहँड-बॅकहँड शिकवलं. माझा आवडता खेळाडू कोणता तेही सांगितलं. छत्तिशीतला, कपाळावर पट्टी बांधणारा, एका हाताने बॅकहँड मारणारा. घरात मी त्याला माझा म्हातारा म्हणते.

चौथ्या दिवसापासून बिनसायला लागलं. बापू मधेच गप्प व्हायचे. मग नुसता हुंकार यायचा. "काय झालं?" विचारलं की, "आं? काय न्हाई, पॉइंट गेला." सामना संपला की गॅलरीत जाऊन कर्जतला भावाला, आबाला, फोन लावायचे. मला चार शब्दांत उरकलेला सामना आबाला मात्र रंगवून सांगायचे. "आरं, पाय असा मागं घेतला आन् कुस्तीत ढाक लावल्यागत वळला. माणूस न्हाई, लवलवती काठी हाय." तिकडे आबासुद्धा टीव्ही लावून बसायला लागला. चुंबळीत कपाळ घालून मी हे सगळं ऐकायची.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द वापरून उपयोग नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मत्सर वाटला. त्यांना न मागता मिळालेल्या या सुखाचा मत्सर वाटला. माझं इतक्या वर्षांचं टेनिस यांनी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून आठवड्यात उचललं होतं. ते मला वेळेवर औषधाचे थेंब घालत होते, घास भरवत होते, डोक्याला तेल लावत होते, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

आठव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सेमीफायनल. माझा म्हातारा आणि एक विशीतला पोरगा. पहिला सेट म्हाताऱ्याने घेतला. दुसरा निम्म्यावर आला असताना बापू म्हणाले, "बाई, ह्याचा डावा पाय दुकतोय." शाळा सोडून तीन वर्षं झाली तरी ते मला बाईच म्हणतात.

"काहीतरीच."

"सर्व्हिस करून खाली येताना टाच टेकवत न्हाई. चवड्यावरच धरतोय. लपवतोय गडी."

"तो पहिल्यापासून तसाच उतरतो. पंधरा वर्षं बघतेय मी त्याला."

हे मी धडधडीत खोटं बोलले. तो कसा उतरतो ते मला माहीत नव्हतं. मी चेंडू बघायची, त्याचा चेहरा बघायची, स्कोअर बघायची. त्याच्या पायांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि तालमीतल्या माणसाची नजर मात्र पहिली पायावर गेली.

"तसं आसंल," बापू म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मी मान उचलली. उठले, चाचपडत गेले आणि टीव्हीसमोर हातभर अंतरावर फरशीवर बसले. उजव्या डोळ्यात गॅसमुळे नुसता हलणारा उजेड. डाव्यात हिरव्यावर दोन पांढरे डाग. कोणता डाग माझा तेही कळेना. तरी मी बघत बसले.

"मान खाली घाल," बापू म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. मग त्यांनी टीव्ही बंद केला. मी हाताने बटण शोधलं आणि चालू केला. वर त्यांच्या हातातून रिमोट ओढून घेऊन आवाजही लावला. पुढचा सव्वा तास मी त्यांना सिद्ध करून दाखवत होते की पाय ठीक आहे. दिसत काहीच नव्हतं. जे दिसायला हवं होतं त्यासाठी दहा दिवस मान खाली घालायची होती आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

तिसऱ्या सेटमध्ये पंचांनी फिजिओला बोलावल्याचं इंग्रजीत ऐकू आलं. डाव्या घोट्याची तक्रार. पुढे दोन गेम झाले आणि म्हाताऱ्याने सामना सोडला.

बापू "बघ, म्हणलं हुतं" असं म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला टेबलापाशी नेलं, डोक्यामागे हात ठेवला आणि कपाळ चुंबळीत टेकवलं. मी रडले. म्हातारा हरला म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं असावं. मी रडत होते ते बापूंचं बरोबर निघालं म्हणून. डोळ्याची भीती नंतर वाटली. रविवारची फायनल मी लावूच दिली नाही.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. बापूंनी सांगण्याआधी सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "किती वेळ?"

"सव्वा तास."

गॅस हळूहळू जिरतो. नजरेत वरून पाण्याची रेघ उतरत येते, रोज थोडी खाली, आणि शेवटी तळाला एक छोटा बुडबुडा डुगडुगत राहतो. सहा आठवड्यांनी तोही गेला. ओसीटी झाली. भोक मिटलं होतं, पण एका कडेला पडदा नीट बसला नव्हता, तिथे तो पातळ राहिला होता. तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी मला वाचता आल्या नाहीत. रेघांना अजून बाक आहे, पहिल्यापेक्षा बराच कमी.

"त्या सव्वा तासाने झालं का हे?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही. दहा दिवस काटेकोर राहणाऱ्यांचंही असं होतं कधीकधी. आधीचे तीन आठवडेही गेलेच होते. तुम्हाला दिसतंय, हे घेऊन घरी जा."

मी ते घेऊन घरी आले. माझ्यासारख्या कुणाला सांगायचं ते एवढंच: आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघा, मग दुसरा झाकून बघा. गज वाकले तर डिशवाल्याला बोलावू नका. आणि मान खाली घालायला सांगितली असेल तर घाला. चुंबळीत तोंड घातल्यावर माणसाला स्वतःबद्दल जे कळतं ते कुणाला सांगण्यासारखं नसतं, तरी मी सांगितलं आहे.

बापूंचे उपकार मी तोंडाने कधी मानले नाहीत. त्यांनाही ते आवडलं नसतं. जळफळाट म्हणाल तर तो आहेच. आता ते माझ्याशेजारी सोफ्यावर बसतात, आबाशी फोनवर पैजा लावतात, आणि पुष्कळदा जिंकतात.

जानेवारीत ऑस्ट्रेलियाची स्पर्धा आपल्याकडे सकाळी लागते. चहा झाला होता. त्या विशीतल्या पोराचाच सामना होता. चेंडू मला दिसतो आता, गायब होत नाही. पण एक फटका अगदी मागच्या रेघेवर पडला आणि माझ्या डोळ्यात चेंडू आणि रेघ एकमेकांत मिसळली. कोर्टावर खेळाडूही थांबला होता, रिप्ले यायचा होता. त्या सेमीफायनलपासून मी बापूंना खेळातलं कधी काही विचारलं नव्हतं. ते सांगायचे, मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

"बापू," मी म्हणाले, "आत की बाहेर?"

ते माझ्याकडे वळले. "आत," म्हणाले. "रेघंला जरासा लागलाय."

"मग आतच," मी म्हणाले आणि रिप्लेची वाट न बघता चहाचे कप उचलून आत घेऊन गेले.